देव नको, पण माणूस हवा

2021च्या ऑगस्टमध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या चॅप्लन मंडळींनी, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीच्या धर्मगुरूंनी, आपला नवा अध्यक्ष एकमताने निवडला आणि ती बातमी जगभर फिरली. नवे अध्यक्ष ग्रेग एपस्टीन नास्तिक होते. प्युरिटन वसाहतीला शिकलेले पाद्री मिळावेत म्हणून 1636 साली ज्या कॉलेजचा घाट घातला गेला, तिथल्या धर्मगुरूंच्या मंडळावर देव न मानणारा माणूस बसतो, ही विसंगती वर्तमानपत्रं सोडतील कशाला? धार्मिक उजव्यांनी कपाळावर हात मारला, नास्तिकांनी टाळ्या वाजवल्या. दोघांचाही उत्साह जरा जास्तच होता. मुळात ते पद समन्वयकाचं. कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू, मुस्लिम, हिंदू, बौद्ध अशा चाळीसच्या आसपास चॅप्लनांच्या बैठका बोलवायच्या, त्यांच्या वतीने विद्यापीठाशी बोलायचं, एवढा त्याचा आवाका. कॅथलिक मुलाने काय मानावं हे एपस्टीन ठरवणार नव्हते. त्यांना हार्वर्ड पगारही देत नव्हतं. तिथे चॅप्लनांना त्यांच्या त्यांच्या संस्था पोसतात.

बातमीत बिनमहत्त्वाची म्हणून मागे राहिलेली गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. त्या मंडळात नास्तिकांसाठीची खुर्ची तेव्हा 47 वर्षं जुनी होती. म्हणजे देव न मानणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठात एक हक्काचा माणूस असावा, ही कल्पना कुणाला 2021 साली सुचलेली नाही. ती बरीच जुनी आहे, अनेक ठिकाणी करून पाहिली गेली आहे, काही ठिकाणी रुजली आहे आणि काही ठिकाणी चांगलीच आपटली आहे. कुठे रुजली आणि कुठे आपटली, हे पाहिलं तर एक ठळक फरक दिसतो. ऐकून घेणारा एक माणूस नेमण्याचा प्रयोग टिकतो. देवाशिवायचं चर्च काढण्याचा प्रयोग टिकत नाही.

आधी हे काम काय असतं ते पाहू. प्रार्थना आणि प्रवचन हा चॅप्लनच्या कामाचा दिसणारा भाग. न दिसणारा त्याहून मोठा. परीक्षेच्या आदल्या रात्री एखाद्या मुलीला आई गेल्याचा फोन येतो. वसतिगृहातला एखादा मुलगा जीव देतो आणि त्याच्या मजल्यावरच्या मुलांपाशी कुणीतरी बसावं लागतं. कुणाचं धर्मावरून घरच्यांशी बोलणं तुटलेलं असतं, आणि पुढच्या सत्राची फी तर त्याच घरातून यायची असते. विद्यापीठात समुपदेशक असतात, मानसोपचारतज्ज्ञ असतात. पण त्यांच्याकडे वेळ घ्यावी लागते, रांग असते, नोंद होते, निदान होतं. चॅप्लनकडे जायला आजारी असावं लागत नाही. ‘मी डॉक्टर कशासाठी व्हायचं?’ हा काही आजार नाही, तरी या प्रश्नापायी रात्र जागून काढणारी मुलं प्रत्येक कॅम्पसवर सापडतात. धार्मिक मुलाला अशा वेळी जायला दार असतं. ज्याने विसाव्या वर्षी देवाचा नाद सोडला त्याच्यासाठी क्रूसखालचं दार उघडं असलं तरी त्याचा हात दारावर पडत नाही.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत धर्म सक्तीचा होता, हे आज तिथल्या मुलांनाही खरं वाटत नाही. रोज सकाळी चॅपलमध्ये हजेरी लागायची. हार्वर्डने ही सक्ती 1886 मध्ये उठवली, येलने थेट 1926 मध्ये. कॉर्नेलसारखं 1865 सालचं विद्यापीठ सुरुवातीपासून कोणत्याच पंथाला बांधलेलं नव्हतं, म्हणून त्याच्यावर ‘निरीश्वरवाद्यांचा अड्डा’ म्हणून टीका व्हायची. याच कॉर्नेलमध्ये 1874 ते 1876 या काळात फेलिक्स अ‍ॅडलर नावाचे तरुण प्राध्यापक शिकवत होते. वडील न्यूयॉर्कमधल्या मोठ्या ज्यू मंदिराचे रब्बी. मुलाने तिथेच 1873 मध्ये प्रवचन दिलं आणि त्यात देवाचं नाव घेतलं नाही. साहजिकच गादी मिळाली नाही. कॉर्नेलमध्येही त्यांच्यावर नास्तिकपणाचा ठपका आला. मग 1876 साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘सोसायटी फॉर एथिकल कल्चर’ स्थापन केली. कुणी काय मानतो हे विचारायचं नाही, वागतो कसा ते पाहायचं, हे तिचं सूत्र. दोन वर्षांत गरिबांच्या मुलांसाठी फुकट बालवाडी निघाली, आजाऱ्यांच्या घरी जाणाऱ्या परिचारिका नेमल्या गेल्या. पुढे कोलंबिया विद्यापीठाने अ‍ॅडलरना नीतिशास्त्राचं अध्यासन दिलं, आणि याच सोसायटीच्या नेत्या अ‍ॅन क्लेसन अलीकडच्या काळात कोलंबियातल्या मानवतावादी, म्हणजे देव न मानणाऱ्यांसाठीच्या, चॅप्लन झाल्या. एखादी कल्पना विद्यापीठातून बाहेर काढली की कधी कधी ती शंभर वर्षांनी मागच्या दाराने परत येते.

हार्वर्डमधलं पद 1974 सालचं. अमेरिकी विद्यापीठांतलं अशा प्रकारचं पहिलं म्हणून त्याचा उल्लेख होतो. ते सुरू करणारे टॉम फेरिक आधी कॅथलिक धर्मगुरू होते. ही गोष्ट योगायोगाची नाही. या क्षेत्रात पुढे आलेली माणसं बघावीत: एपस्टीन यांनी देवाशिवायच्या ज्यू परंपरेत रब्बी म्हणून दीक्षा घेतलेली. ही परंपरा शेर्विन वाइन या रब्बींनी 1963 साली मिशिगनमध्ये सुरू केली. क्रिस स्टेडमन पौगंडावस्थेत कडव्या इव्हँजेलिकल चर्चमध्ये वाढले. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात 2014 मध्ये मानवतावादी चॅप्लन म्हणून आलेले बार्ट कॅम्पोलो हे तर टोनी कॅम्पोलो या नामांकित प्रवचनकाराचे चिरंजीव. बाप-लेकाने 2017 साली मिळून पुस्तक लिहिलं, एक श्रद्धेत का राहिला आणि दुसरा का बाहेर पडला यावर. जन्मजात निधर्मी घरातून आलेला माणूस या कामात क्वचित दिसतो. देव गेला तरी रविवार सकाळची सवय, माणसांची ऊब, दुःखात दारावर येणारा डबा यांची ओढ जात नाही. ज्यांनी ते अनुभवलं आणि सोडलं, त्यांनाच ते पुन्हा उभारावंसं वाटलं. याची ताकद कळते, आणि मर्यादाही. कारण आज येणाऱ्या विद्यार्थ्यांतल्या पुष्कळांनी चर्च मुळात पाहिलेलंच नाही. जे हरवलेलं नाही त्याची उणीव त्यांना कशी वाटणार?

आकडे बघू, कारण ते नेहमी चुकीच्या कामासाठी वापरले जातात. प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीनुसार 2007 मध्ये अमेरिकेतल्या प्रौढांपैकी 16 टक्के लोक कोणत्याही धर्माचे नव्हते. 2023-24च्या पाहणीत हा आकडा 29 टक्क्यांवर गेला. अगदी तरुण गटात तो 40च्या वर आहे. हार्वर्डमध्ये 2015 साली दाखल झालेल्या तुकडीत तर ‘क्रिमसन’ या विद्यार्थी दैनिकाच्या पाहणीनुसार सुमारे 38 टक्के मुलं नास्तिक किंवा अज्ञेयवादी होती, म्हणजे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकत्र केले तरी त्यांच्याहून थोडी जास्त. यावरून ‘धर्म संपत आला’ म्हणणाऱ्यांनी थोडं थांबावं. 2019-20 नंतर ही वाढ जवळपास थबकलेली आहे. शिवाय त्या 29 टक्क्यांत स्वतःला नास्तिक म्हणवणारे 5 आणि अज्ञेयवादी 6. उरलेल्यांनी ‘विशेष असं काही नाही’ या चौकटीत खूण केली आहे. धर्म नसलेल्या या सगळ्यांपैकी 70 टक्क्यांच्या आसपास लोक देव किंवा कुठलीतरी उच्च शक्ती मानतातच. म्हणजे मानवतावादी चॅप्लनच्या पुढ्यात जमावा असा एकसंध समाज कागदावरच आहे. एका खोलीत पक्का निरीश्वरवादी, चर्चवर रागावलेली समलिंगी मुलगी, ताऱ्यांकडे बघून नतमस्तक होणारा खगोलशास्त्राचा विद्यार्थी आणि ‘मला यातलं काही देणंघेणं नाही’ म्हणणारा, असे चौघे बसले तर त्यांना एकत्र ठेवणारा धागा कोणता?

2004 ते 2007 या काळात या प्रश्नाला एक सोपं उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. सॅम हॅरिस, रिचर्ड डॉकिन्स, क्रिस्टोफर हिचन्स यांची पुस्तकं आली, खपली, आणि धर्माशी भांडणं हाच धागा झाला. ‘सेक्युलर स्टुडंट अलायन्स’ ही 2000 साली सुरू झालेली संघटना कॅम्पसवर झपाट्याने पसरली, तिचे शेकडो गट झाले. कॉलेजच्या आवारात टेबल मांडून ‘नास्तिकाला विचारा’ अशी पाटी लावून बसायचं, हा त्या काळचा आवडता कार्यक्रम. मार्च 2012 मध्ये वॉशिंग्टनच्या मैदानात ‘रीझन रॅली’ला हजारो लोक पावसात उभे राहिले. विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनच्या सरकारी विद्यापीठात तर नास्तिक-अज्ञेयवादी विद्यार्थ्यांच्या गटाने विद्यार्थी शुल्कातून साठ हजारांहून जास्त डॉलर मिळवले. कशासाठी, तर ज्यांची श्रद्धा डळमळली आहे अशा मुलांना आधार देण्यासाठी. धार्मिक गटांना याच शुल्कातून मदत मिळते, मग आम्हाला का नाही, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता.

भांडणाचा धागा मात्र लवकर कुजतो. वादविवादात जिंकलेला मुलगा खोलीवर परत जातो तेव्हा एकटाच असतो. एपस्टीन यांनी 2005 मध्ये फेरिक यांच्याकडून सूत्रं घेतली आणि 2009 मध्ये ‘गुड विदाउट गॉड’ लिहिलं, ते या भांडखोरपणाला दिलेलं उत्तरच होतं. देव नाही हे सिद्ध करण्यात वेळ घालवू नका, चांगलं जगायचं कसं ते बोला, असा त्याचा सूर. त्यांचे सहकारी स्टेडमन आणखी एक पाऊल पुढे गेले. जन्माने मुंबईकर असलेल्या एबू पटेल यांनी 2002 मध्ये शिकागोत आंतरधर्मीय तरुणांची संस्था काढली होती. स्टेडमन तिथे घडलेले. नास्तिकांनी धार्मिक मुलांबरोबर खांद्याला खांदा लावून उपाशी मुलांसाठी अन्नाची पाकिटं भरावीत, असा त्यांचा आग्रह. नास्तिक मंडळींनी त्यांना ‘फेथिस्ट’ म्हणून हिणवलं, तेव्हा त्यांनी त्याच नावाचं पुस्तक 2012 साली छापलं.

याच सुमारास ही कल्पना इमारतीत शिरली. हार्वर्ड चौकात 2013च्या शेवटी ‘ह्यूमनिस्ट हब’ नावाचं केंद्र उघडलं: रविवारची सभा, गाणी, व्याख्यान, लहान मुलांसाठी वर्ग, नंतर कॉफी. स्टॅनफर्डमध्ये जॉन फिग्डर, येलमध्ये स्टेडमन असे नवे लोक आले. लंडनमध्ये जानेवारी 2013 मध्ये सँडरसन जोन्स आणि पिपा एव्हान्स या दोन विनोदी कलाकारांनी एका जुन्या चर्चमध्ये ‘संडे असेम्ब्ली’ भरवली. तिथे भजनाच्या जागी पॉप गाणी, प्रवचनाच्या जागी शास्त्रज्ञाचं भाषण. वर्षा-दोन वर्षांत तिच्या शाखा जगभर निघाल्या, 2016च्या आसपास सत्तरपर्यंत गेल्या. आणि मग ओहोटी लागली. तीन वर्षांत शाखा चाळीसच्या घरात आल्या. ह्यूमनिस्ट हब पाचएक वर्षांत बंद झालं. हार्वर्डमधलं चॅप्लनचं पद मात्र चालू राहिलं, एवढंच नाही, 2018 पासून एपस्टीन शेजारच्या एमआयटीतही तेच काम करू लागले.

असं का झालं? पैशाचं कारण उघड आहे, त्याकडे पुढे वळू. दुसरं कारण विद्यार्थ्यांच्या वयात आहे. चार वर्षांत मुलं निघून जातात. चर्चला आजी असते, नातू असतो, दफनभूमी असते. कॉलेजच्या गटाला दर मे महिन्यात अध्यक्षच उरत नाही. आणि तिसरं कारण मला सगळ्यांत खरं वाटतं: देवाच्या धाकाने का होईना, धार्मिक माणूस कंटाळा आला तरी जातो. निधर्मी माणूस कंटाळा आला की घरी थांबतो, आणि त्याच्या तत्त्वज्ञानानुसार त्यात काही गैरही नसतं.

2010 साली चेयुन लिम आणि रॉबर्ट पुटनम यांनी ‘अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. चर्चला जाणारे लोक आयुष्यात जास्त समाधानी असतात, हे आधीपासून माहीत होतं. यांनी विचारलं, कशामुळे? श्रद्धेमुळे, प्रार्थनेमुळे की आणखी कशामुळे? उत्तर आलं: त्या मंडळींत किती जवळचे मित्र आहेत त्यावर ते अवलंबून आहे. नियमित जाणारा पण तिथे मित्र नसलेला माणूस न जाणाऱ्याहून फारसा सुखी नसतो. निधर्मी समुदायाच्या समर्थकांनी हा अभ्यास उचलून धरला: बघा, देव लागत नाही, मित्र पुरतात. पण त्यांनी त्याचा दुसरा अर्धा वाचला नाही असं वाटतं. धर्मातले मित्र हे नुसते मित्र नसतात, आपण सगळे एका गोष्टीचे आहोत ही जाणीव त्या मैत्रीत मिसळलेली असते. त्या अभ्यासातही समाधान वाढतं ते धार्मिक ओळख घट्ट असलेल्यांचंच. ‘आम्ही काय मानत नाही’ यावर अशी जाणीव उभी राहत नाही. मानवतावादाला ‘आम्ही काय मानतो’ हे सांगता येतं, सांगितलंही जातं, पण ते बहुधा इतकं सर्वमान्य असतं (माणसाची प्रतिष्ठा, विवेक, करुणा) की त्यासाठी रविवारी सकाळी उठावंसं वाटत नाही.

एक प्रसंग मात्र असा आहे, जिथे या मंडळींचं एकत्र असणं किती गरजेचं आहे ते लख्ख दिसलं. एप्रिल 2013 मध्ये बॉस्टन मॅरेथॉनवर बॉम्बहल्ला झाला. तीन दिवसांनी होली क्रॉस कॅथेड्रलमध्ये आंतरधर्मीय शोकसभा झाली, राष्ट्राध्यक्ष ओबामा आले. कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू, मुस्लिम सगळे बोलले. मानवतावादी मंडळींनीही बोलण्याची संधी मागितली होती, ती मिळाली नाही. शहर रडत होतं, त्यात देव न मानणारेही होते, पण त्यांच्या वतीने व्यासपीठावर कुणी नव्हतं. बाहेर राहण्याचं हे दुःख वादात जिंकून भागत नाही. अमेरिकी नौदलानेही 2014 आणि 2018 अशा दोन वेळा एका मानवतावादी उमेदवाराचा चॅप्लनपदासाठीचा अर्ज फेटाळला. दुसऱ्या खेपेला तर काँग्रेस सदस्यांनी विरोधाची पत्रं लिहिली. समानतेची लढाई आणि सांत्वनाचं काम एकमेकांत अशी गुंतलेली आहेत.

नेदरलँड्समध्ये ही गुंतागुंत फार आधी ओळखली गेली. 1946 साली, युद्धातून देश बाहेर पडत असताना, तिथे ‘ह्युमॅनिस्टिस्क फरबोंड’ ही संघटना निघाली. तिचे संस्थापक याप फान प्राख ज्यू होते, नाझी काळात लपून राहून वाचलेले. त्यांनी दोन लढाया सांगितल्या: एक छोटी, एक मोठी. छोटी लढाई म्हणजे निधर्मी लोकांना धार्मिकांच्या बरोबरीचे हक्क मिळवून देणं. मोठी लढाई म्हणजे श्रद्धा गेल्यावर माणसाच्या मनात जी पोकळी येते, ‘कशालाच अर्थ नाही’ अशी जी भावना येते, तिच्याशी. अमेरिकेत छोट्या लढाईवर इतकी शक्ती गेली की मोठी मागे राहिली. डच लोकांनी दोन्ही चालू ठेवल्या. 1964 पासून डच सैन्यात मानवतावादी समुपदेशक नेमले जाऊ लागले, मग तुरुंगांत, रुग्णालयांत. आणि 1989 साली उट्रेख्टमध्ये मानवतावादाचं स्वतंत्र विद्यापीठ सुरू झालं, जिथे हे काम पदवी म्हणून शिकवलं जातं. अमेरिकेत हा मार्ग चर्चमधून बाहेर पडलेल्या माणसांच्या वैयक्तिक तळमळीवर चालतो. तिथे तो अभ्यासक्रमावर चालतो. मला डच पद्धत कमी रंगतदार आणि जास्त उपयोगी वाटते.

बेल्जियमची गोष्ट आणखी वेगळी, कारण तिथे विद्यार्थी आहेत आणि बीअर आहे. 1834 साली कॅथलिकांनी आपलं विद्यापीठ उघडलं तेव्हा पियर-तेओदोर वेरहेगन या वकिलाने ब्रुसेल्समध्ये त्याला तोंड देणारं मुक्त विद्यापीठ उभं केलं. ‘मुक्त’ म्हणजे कोणतीही आज्ञा प्रमाण न मानता तपासून पाहण्याचा हक्क असलेलं. दरवर्षी 20 नोव्हेंबरला, स्थापनेच्या दिवशी, विद्यार्थी रंगवून मळवलेले प्रयोगशाळेतले पांढरे कोट आणि बिल्ल्यांनी भरलेल्या टोप्या घालून मिरवणूक काढतात, चर्चची आणि सरकारची टर उडवणारे रथ असतात, दारू वाहते. या सणाला ते ‘सेंट वेरहेगन’ म्हणतात. ज्याने संतांना विद्यापीठाबाहेर ठेवलं त्यालाच संत करून टाकलं! चेष्टा आहे, पण दरवर्षीची आहे, तिला तारीख आहे, वेश आहे, गाणी आहेत, माजी विद्यार्थी आपल्या मुलांना ती शिकवतात. रविवारच्या निधर्मी सभा ज्यासाठी धडपडल्या ते ब्रुसेल्सच्या पोरांना प्रवचनाशिवाय साधलं. बेल्जियमच्या राज्यघटनेने 1993 मध्ये निधर्मी नैतिक समुपदेशकांचे पगार सरकारी तिजोरीतून द्यायला मान्यता दिली, 2002 च्या कायद्याने त्याची यंत्रणा बसली. विनोद आणि पगार, दोन्ही जागच्या जागी.

या कथेत आपला धागा कुठे आहे? एक तर अगदी मुळात आहे. 1952 साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये जगभरच्या मानवतावादी संघटनांचा महासंघ स्थापन झाला. फान प्राख त्याचे अध्यक्ष, मानवेंद्रनाथ रॉय उपाध्यक्षांपैकी एक, आणि रॉय यांची भारतीय चळवळ संस्थापक संघटनांमधली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी रॉय यांच्या वर्तुळातले. सासवडचे वि. म. तारकुंडे यांना 1978 मध्ये याच महासंघाने आंतरराष्ट्रीय पुरस्कार दिला. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे उघड बुद्धिप्रामाण्यवादी होते. म्हणजे विचारांत आपण मागे नव्हतो. पण आपल्याकडे निधर्मीपणाने चळवळीचं रूप घेतलं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती 1989 मध्ये निघाली, कॉलेजांत ‘विवेक वाहिनी’ उभी राहिली, बुवाबाजीचा पर्दाफाश झाला, 2013 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर जादूटोणाविरोधी कायदाही आला. सांत्वनाचं खातं मात्र चळवळीने उघडलंच नाही, कारण ते नातेवाइकांकडे होतं. नास्तिक गेला तरी मावशी येते, काका येतात, शेजारी डबा आणतात. आणि आपल्याकडे शोकसभा आहे: दिवंगताबद्दल दोन शब्द, एखादं आवडतं गाणं, दोन मिनिटं स्तब्धता, देवाचं नाव नाही. देहदानाची परंपराही रुजते आहे. अमेरिकेतले मानवतावादी चॅप्लन अंत्यविधीसाठी जे साचे शोधत असतात, त्यांतले काही आपल्याला सहज हाताशी आहेत, आणि आपण त्यांना मानवतावादी विधी म्हणतही नाही.

पण हा आधार घरापासून दूर जाईपर्यंत. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी मुलांतली कितीतरी मुलं देव मानत नाहीत, तरी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला आरतीला उभी राहतात, मोदक खातात, टाळ वाजवतात. यात ढोंग शोधणाऱ्यांना माणसं कळत नाहीत असं माझं मत आहे. मात्र ज्यांना मंडळात वैचारिक किंवा जातीच्या कारणाने जागा वाटत नाही, ज्या मुलीने घरच्यांना सांगून टाकलं की लग्न होमापुढे करणार नाही, त्यांच्यासाठी कॅम्पसवर मंदिराचाही नाही आणि चर्चचाही नाही असा कुणीतरी लागतोच. प्रिन्स्टनमध्ये 2008 पासून पूर्णवेळ हिंदू चॅप्लन आहेत. त्याच वर्षी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने वरुण सोनी या हिंदू माणसाला धार्मिक जीवनाचे डीन म्हणून नेमलं, आणि त्यांच्याच कार्यालयात 2016 मध्ये व्हनेसा गोमेझ ब्रेक या मानवतावादी सहयोगी डीन म्हणून आल्या. भारतीय मुलांना यापैकी कुणाकडे जायचं हा पर्याय आता काही ठिकाणी तरी खरोखर आहे.

दक्षिण कॅलिफोर्नियाचा हा प्रयोग नीट पाहण्यासारखा आहे. हार्वर्डमध्ये चॅप्लन बाहेरच्या संस्थेचा असतो. धार्मिक गटांच्या मागे चर्च, मंदिरं, श्रीमंत पंथ उभे असतात, मानवतावाद्यांच्या मागे दोन-चार देणगीदार आणि एक ठेव. देणगीदार वारला किंवा रुसला की पद डळमळतं. सरकारी विद्यापीठांत तर घटनेच्या बंधनामुळे सगळेच चॅप्लन बाहेरचे. याउलट विद्यापीठानेच नोकरीवर घेतलं तर पगार नक्की, कार्यालय नक्की, माणूस गेला तरी जागा राहते. पण मग मालक विद्यापीठ. 2024च्या वसंतात कॅम्पसवरचे गाझा युद्धाविरोधी आंदोलनाचे तंबू उखडायला कोलंबिया आणि दक्षिण कॅलिफोर्निया या दोन्ही विद्यापीठांनी पोलीस बोलावले. निलंबित झालेला विद्यार्थी आपल्याच डीनच्या खोलीत मन मोकळं करायला येईल का? बाहेरच्या संस्थेचा चॅप्लन निदान एवढं तरी म्हणू शकतो की मी त्यांचा नोकर नाही.

डच व्यवस्थेत याची तोड आहे. तुरुंगातला किंवा सैन्यातला मानवतावादी समुपदेशक पगार सरकारचा घेतो, पण त्याला पाठवण्याचा आणि ती मान्यता काढून घेण्याचा अधिकार ह्युमॅनिस्टिस्क फरबोंडकडे असतो, अगदी बिशप जसा पाद्री पाठवतो तसा. मालक एक आणि पाठीराखा दुसरा, म्हणून वॉर्डनपुढे मान न झुकवता कैद्याचं ऐकता येतं. अमेरिकेत अशी मान्यता देणारी संस्था नाही असं नाही. क्वेकर पंथातल्या काहींनी 1939 मध्ये काढलेली ‘ह्यूमनिस्ट सोसायटी’ विवाह आणि अंत्यविधी करणाऱ्यांना तसंच चॅप्लनांना प्रमाणपत्रं देते. पण तिच्या प्रमाणपत्राला पगाराची जोड नाही, त्यामुळे प्रत्येक विद्यापीठात हा प्रश्न नव्याने, एखाद्या देणगीदाराच्या शोधापासून सुरू होतो.